नागपूरला निघालेल्या चार बंदुका

माझ्या हातात बंदूक बघून आजवर कुणी घाबरलेलं नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत एकदा मावळ्याच्या वेषात, स्वतः बनवलेली बंदूक खांद्यावर टाकून मी मोठ्या रुबाबात चाललो होतो. कडेला उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी विचारलं, "बाबा, पाइप कुठं बसवायचा हाय?"

ते मनाला लागलं. शिरोली एमआयडीसीत माझं पॅटर्न करायचं छोटं शेड आहे. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो आकार उमटवतात, तो लाकडात कोरून द्यायचा, हे माझं काम. पंपाचं पोट, ट्रॅक्टरचं कसलंसं नाक, असल्या अवयवांवर माझं पोट चालतं. लाकडाचं आपल्याला कळतं असा माझा समज होता आणि त्याला आजीबाईंनी भर रस्त्यात पाइप लावला होता. मी ईर्ष्येला पेटलो. वर्षभर कामातून वेळ चोरून जुन्या ठासणीच्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या चार बंदुका केल्या. जमिनीवर उभ्या केल्या तर माझ्या हनुवटीला लागतील एवढ्या लांब. सागवानाचे दस्ते, पितळेचे घोडे. नळी म्हणजे दोन्हीकडून लोखंड भरून वेल्डिंग मारलेला पाइप. त्यातून गोळी सोडा, मुंगी जाणार नाही. घोडा ओढला की 'टक्' वाजायचं, एवढाच त्यांचा पराक्रम. आणि जुन्या दिसाव्यात म्हणून मी लाकडाला पॉलिश मारलं नाही. नुसतं घासून कोरडं ठेवलं. हा निर्णय पुढं कुणाकुणाला किती रडवणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

माझी भाची नागपूरला एका सरकारी कार्यालयात हिशेब विभागात आहे. त्यांच्या खात्याची दरवर्षी नाट्यस्पर्धा असते. तिच्या कार्यालयातर्फे वर्षानुवर्षं मोठे साहेब एकच विनोदी नाटक बसवायचे आणि दरवर्षी पहिल्याच फेरीत घरी यायचे. यंदा भाचीनं धीर करून सांगितलं, मला एक संधी द्या. साहेबांनी दिली, पण अट घालून. नागपूरची फेरी ओलांडून नाटक पुण्याला अंतिमला गेलं, तर नाटक कायमचं तुझ्याकडं. नाही गेलं, तर पुढच्या वर्षी परत साहेबांचं विनोदी नाटक, आणि त्यात भाचीनं मोलकरणीचं काम करायचं.

तिचा फोन आला तेव्हा मी ट्रॅक्टरच्या नाकात होतो.

"मामा, नाटकात किल्ला हाय, चार पहारेकरी हायत. हातात काठ्या दिल्या तर साहेब म्हणतात, हे पहारेकरी न्हाईत, गुराखी हायत. इथं भाड्यानं बंदुका मिळतात त्या थर्माकोलच्या. पंखा लावला की हलतात."

"आगं मग माझ्या कुठं गेल्यात?" मी म्हणालो. "पाठवतो की!"

पलीकडं कुजबुज झाली. मग फोन तिच्या आईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं घेतला. अक्का नाटकासाठी लेकीकडं जाऊन राहिली होती.

"पाठव," अक्का म्हणाली, "पण पॅकिंग दुसऱ्या कुणाकडनं तरी करून घे."

तिच्या बोलण्याला इतिहास होता. भाचीनं नागपुरात नवीन घर घेतलं तेव्हा मी तिला चिनी मातीच्या बरणीत आंब्याचं लोणचं पाठवलं होतं. बरणीला वर्तमानपत्राचे दोन कागद गुंडाळले होते आणि खोक्यावर 'सांभाळून' असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. माझ्या मते हे पॅकिंग होतं. पार्सल आणणाऱ्यानं दारात येऊन भाचीला विचारलं होतं, "ताई, बादली आहे का?" त्या दिवशी त्या गाडीतून गेलेल्या साऱ्या नागपूरच्या पार्सलांना आमच्या घरचा खार लागला होता.

तेव्हा या खेपेला माझ्या अब्रूचा प्रश्न होता. मी शेडमध्ये काम बाजूला सारलं आणि पॅकिंगचा अभ्यास केला. मोबाइलवर परदेशातले लोक जुन्या बंदुका कशा पॅक करतात ते बघितलं. ती माणसं बंदुकीला बाळंतिणीसारखी जपत होती. त्यातून मला एक गोष्ट कळली, आणि एखादी गोष्ट कळली की मला सगळंच कळलंय असं वाटायला लागतं. लांब बंदूक मोडते ती मानेत. जिथं दस्ता बारीक होऊन नळीला मिळतो ती जागा. दोन्ही टोकं टेकलेली आणि मान अधांतरी असली, की वरून एक पोतं पडायचा अवकाश. म्हणून मानेला खालून आधार पाहिजे, आणि आत रिकामी जागा अजिबात नको. पेटी हलवली तर आतून आवाज यायला नको.

मी प्लायवूडची लांब पेटी केली. घोडे काढून वेगळे गुंडाळले. नळीखालचे ठासायचे गज काढून कडेला बांधले. दोन बंदुका एकीकडं तोंड करून आणि दोन दुसरीकडं, मध्ये लाकडाच्या खाचा. आता उरला मानेखालचा आधार. फोम आणायला शहरात जावं लागणार होतं. तेवढ्यात बायको जेवणाचा डबा आणि हातात एक पिशवी घेऊन शेडवर आली. पिशवीत भाचीसाठी भडंग आणि चटणी होती. आजोळचं काही जातंय म्हटल्यावर आमच्याकडं खाऊशिवाय पेटी निघत नाही. मग त्यात बंदुका असोत नाहीतर आणखी काही.

चटणी म्हणजे आमची कांदा-लसणाची, लाल, तेलानं ओलसर, मुठीत धरली तर मुठीचा आकार घेणारी. मी एक पुडा हातात घेतला, दाबला आणि माझ्यातला कारागीर जागा झाला.

"हे बघ," मी म्हणालो, "ह्याला म्हणतात आधार. मऊ हाय आणि गच्चबी हाय. मानेखाली घातलं की मान जशी तशी उशी. आणि मोकळ्या जागेत भडंग. फोमचं काम हेच करणार, वर खायाला मिळणार."

"अहो, चटणी नको त्यात," बायको म्हणाली. "वेगळ्या डब्यात देते."

"डबा वाजतो. पेटी वाजायला नको."

"फुटली तर?"

"पुडा काय बरणी हाय व्हय फुटायला?"

तिनं माझ्याकडं बघितलं, चार पुड्यांवर आणखी एकेक प्लास्टिकची पिशवी चढवली, रबर लावलं आणि म्हणाली, "मी सांगितलं होतं, एवढं ध्यानात ठेवा." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी घरात टांगलेल्या कॅलेंडरसारखं दररोज बघतो.

चार मानांखाली चार उशा. वर भडंगाचा थर. झाकणाला खिळे नाही, स्क्रू, म्हणजे पलीकडं उघडताना हातोडी नको. पेटी दोघांनी उचलून हलवली. आवाज नाही. मी अक्काला फोन लावून ते न वाजणं ऐकवलं.

"काही ऐकू येत न्हाई," अक्का म्हणाली.

"तेच तर!" मी म्हणालो.

कुरिअरच्या दुकानात काउंटरवरच्या मुलानं पेटीकडं बघितलं, लांबी बघितली आणि विचारलं, "काय हाय आत?"

"बंदुका," मी म्हणालो. प्रामाणिकपणाचा मला त्या दिवशी जरा जास्तच जोर होता.

रांगेतल्या एका बाईंनी आपली पिशवी उचलून छातीशी धरली. काउंटरवरचा मुलगा पुढं झुकला. "पावणं, जरा हळू बोला की. दुकानात गिऱ्हाईक हाय."

"नकली हाईत. नाटकाच्या."

"असतील. पण खोक्यावर काय लिहू? आमच्याकडं असलं चालत न्हाई."

मागून एकानं सल्ला दिला, "सनई लिहा. लांब हाय, खपून जाईल."

मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण मग डोळ्यांसमोर आलं की वाटेत कुठंतरी ही पेटी उघडली, सनयांच्या जागी चार बंदुका निघाल्या, आणि नागपुरात भाचीच्या दारात बादलीवाल्याऐवजी पोलीस आले. नाटक गेलं, नोकरी गेली, वर मामाचं नाव निघालं. मी पेटी उचलून सरळ पोलीस चौकीत नेली.

चौकीत हवालदारांनी झाकण उघडायला लावलं. आधी भडंग निघाले. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी आयुष्यात पहिल्यांदा भडंगाची जबाबदारी घेतली. मग बंदूक निघाली. त्यांनी नळीत बघितलं, काडी घातली, काडी आत जाईना. घोडा वेगळ्या पुडीत होता तो बसवायला लावला, ओढला. टक्.

"एवढंच?" त्यांचा चेहरा उतरला.

"एवढंच साहेब."

"मग घाबरताय कशाला?" असं म्हणून त्यांनी बंदूक खांद्याला लावली, टोपी नीट केली आणि माझ्या हातात स्वतःचा मोबाइल दिला. मी फोटो काढला. एक समोरून, एक बाजूनं. मग त्यांनी भाचीच्या कार्यालयाचं नाटकाचं पत्र मागवून घेतलं, त्यावर चौकीचा शिक्का मारला आणि सांगितलं, हे पत्र पेटीवर चिकटवा, आत एक प्रत ठेवा, आणि पेटीवर सरळ लिहा की नाटकाच्या नकली, न उडणाऱ्या बंदुका. ट्रकनं माल नेणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याकडं द्या, आधी त्याला विचारून. हे सगळं मी तसंच्या तसं केलं. ट्रान्सपोर्टवाल्यानं पत्र वाचलं, आत बघितलं, पेटी घेतली. बघताना बाहेर आलेले मूठभर भडंगही ठेवून घेतले.

शनिवारी संध्याकाळी नाटक होतं. पेटी गुरुवारी पोचायची. गुरुवारी नाही पोचली. शुक्रवारी पण नाही. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, गाडी वाटेत दुसरा माल उतरवून जाते. तो माल काय होता ते मला नंतर कळलं. सिमेंट होतं, आणि पेटीच्या खाली नाही, वर होतं. शुक्रवारी भाचीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज मोलकरणीचं काम मिळाल्यासारखाच येत होता.

"साहेब दोनदा येऊन विचारून गेले, बंदुका आल्या का म्हणून. हसत होते, मामा."

शनिवारी दुपारी पेटी पोचली. तिनं व्हिडिओ कॉल लावून मोबाइल अक्काच्या हातात दिला, म्हणजे पडद्यावर आधी छत, मग अक्काचं नाक, मग पेटी दिसली. स्क्रू निघाले, झाकण निघालं, भडंग सारले. पहिली बंदूक वर आली. अखंड. दुसरी, तिसरी, चौथी. एकाही मानेला ओरखडा नाही.

"बघितलंस अक्का?" मी शेडमध्ये उभा राहून ओरडलो. "ह्याला म्हणतात पॅकिंग!"

"मामा," भाची म्हणाली, "ह्या लाल का दिसायल्यात?"

मग ती शिंकली. मग अक्का शिंकली. मोबाइल पडला आणि पुढचा थोडा वेळ मला फक्त छत दिसत राहिलं आणि चहूबाजूंनी शिंका ऐकू येत राहिल्या.

वरच्या सिमेंटच्या पोत्यांच्या भारानं मानांखालच्या उशा आपलं काम चोख करत करत फुटल्या होत्या. चटणीचं तेल वाटेच्या उन्हात पातळ झालं आणि पॉलिश नसलेल्या कोरड्या सागवानानं ते पिऊन टाकलं. तिखट सगळं लाकडात. भाचीनं ओल्या फडक्यानं पुसलं. ते चुकलं. पुसल्यावर ते नुसतं पसरलं आणि रंग एकसारखा आला. दिसायला बंदुका पहिल्यापेक्षा जुन्या आणि भारी दिसत होत्या, हे मी सांगून बघितलं.

"मामा, तुम्ही गप बसा," भाची म्हणाली. ती रडत होती की नुसतं तिखट लागलं होतं, ते कळायला मार्ग नव्हता. मागून बायको म्हणाली, "मी सांगितलं होतं."

संध्याकाळी अक्कानं प्रेक्षकांत बसून चोरून व्हिडिओ कॉल लावला. समोरच्या माणसाच्या टकलाच्या डावीकडून मला रंगमंचाचा एक तुकडा दिसत होता. त्या तुकड्यात एक पहारेकरी उभा होता. तो भाचीच्या कार्यालयातला आवक-जावक बघणारा कारकून. त्याला घेतलं होतं ते उंच होता म्हणून. संवाद एक नाही. बंदूक छातीशी उभी धरायची आणि नाटक संपेपर्यंत हलायचं नाही.

किल्लेदारीणबाईंना लढाईत नवरा पडल्याची बातमी येते आणि त्या एकट्याच बुरुजावर उभ्या राहून लांबलचक बोलतात, असा प्रवेश होता. बाई बोलायला लागल्या. कारकुनाच्या मिशा गोंदानं चिकटवल्या होत्या, त्या खाजत असाव्यात. त्यानं हळूच ओठावरून हात फिरवला, मग घाम पुसायला डोळ्यांवरून फिरवला. मला पुढचं दिसायच्या आधीच कळलं. शेडमध्ये मी आणि बायको एकमेकांचा हात धरून बसलो, म्हणजे तिनं माझा धरला होता, मोडायच्या बेतानं.

कारकुनाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तो हलला नाही. हलायचं नाही असं भाचीनं बजावलं होतं आणि आवक-जावकचा माणूस सूचना पाळतो. डोळे लाल, नाक लाल, गालावरून पाणी, आणि मान ताठ. मग दुसऱ्यानं डोळा पुसला. मग तिसऱ्यानं. किल्लेदारीणबाई दुःखाचं बोलत होत्या आणि त्यांच्या मागं चार पहारेकरी धाय न मोकलता, आवाज न करता, टपटपा रडत होते. सभागृहात शिंक सोडा, कुणी खोकलं नाही. समोरच्या टकलाच्या माणसानं खिशातून रुमाल काढला.

नाटक पुण्याला गेलं. परीक्षकांनी भाषणात पहारेकऱ्यांच्या मूक अभिनयाचं कौतुक केलं, आणि अभिनयाचं प्रशस्तिपत्र त्या कारकुनाला दिलं. किल्लेदारीणबाई, ज्यांनी चार पानं पाठ केली होती, त्या टाळ्या वाजवताना कशा दिसत होत्या ते अक्कानं मला नीट दाखवलं नाही. साहेबांनी सर्वांदेखत भाचीच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या वर्षीचं नाटक तिचं झालं.

अंतिम फेरीसाठी मी आता सुधारलो होतो. नागपुराहून पुण्याला बंदुका पाठवताना भाचीला फोनवर एकेक पायरी सांगितली. मानेखाली फोम. मोकळ्या जागेत कागदाचे बोळे. खाऊ नाही. शिक्क्याचं पत्र वर. आठवडाभर आधी पाठव. पेटी वेळेवर आली, वाजली नाही, आतून काही सांडलं नाही. मी आदल्या दिवशी बायकोला घेऊन पुण्याला पोचलो, सगळं लाकूड काचकागदानं घासून काढलं, साबणाच्या पाण्यानं धुतलं, वाळवलं आणि या खेपेला पॉलिश मारलं. चारी बंदुका आरशासारख्या चमकत होत्या.

नाटकाआधी बायकोनं पर्समधून एक छोटी डबी काढली आणि काही न बोलता कारकुनापुढं धरली. भाचीनं तिकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. तिनं नको म्हटलं नाही, हे मी इथं नोंदवून ठेवतो.

कारकून मात्र दुखावला. प्रशस्तिपत्रानंतर तो मोठ्या नटासारखा चालायला लागला होता, आता बोलतही तसाच होता. "मामी," तो म्हणाला, "खऱ्या कलाकाराला चटणी लागत नसते. ते दुःख मी शोधून ठेवलंय."

पुण्यात मला पहिल्या रांगेत जागा मिळाली होती. टक्कल मध्ये नव्हतं. किल्लेदारीणबाई बोलायला लागल्या. कारकुनानं दुःख शोधायला सुरुवात केली. त्यानं डोळे बारीक केले, ओठ आत घेतले, मग नाकपुड्या फुगवल्या. शिंक येता येता राहिलेल्या माणसासारखा तो चार पानांभर उभा होता. शेजारचा माणूस मला हळूच म्हणाला, "त्या उंच माणसाला बरं नाही का?" बाकीचे तीन पहारेकरी कोरडे ठणठणीत. त्यांच्या हातांतल्या बंदुका मात्र दिव्यात अशा लखलखत होत्या की किल्लेदारीणबाईंपेक्षा लोक त्यांच्याकडंच बघत होते.

निकालात नाटकाचं नाव आलं नाही. उत्तेजनार्थसुद्धा नाही. मी विंगेत गेलो तेव्हा भाची पेटीवर बसून पायांतल्या वहाणा काढत होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. म्हणालो की मामाला वाईट वाटतंय.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग शेजारच्या बंदुकीच्या दस्त्यावरून बोट फिरवलं आणि ते कोरडं बोट मला दाखवलं.

"न्हाई मामा," ती म्हणाली, "बंदुका मात्र लई स्वच्छ होत्या."